कोळंबीचा स्कर्व्ही

'क' जीवनसत्त्व शिकवताना आपण जेम्स लिंडचा १७४७ सालचा प्रयोग सांगतो. स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांपैकी संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत आधी सुधारले. या इतिहासाचे पुढचे एक पान कोळंबीचे आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे शास्त्रज्ञ टाक्यांत कोळंबी वाढवत होते. तयार खाद्यावरील कोळंबीच्या कवचाखाली काळे डाग पडत आणि ती मरे. या रोगाला 'काळा मृत्यू' म्हणू लागले. डोनाल्ड लाइटनर व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याचा संबंध खाद्यातील 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाशी जोडला. या जीवनसत्त्वाशिवाय ऊतींना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन नीट बनत नाही. खलाशाच्या हिरड्या असोत की कोळंबीचे कवच, मूळ कारण एकच!

जेथे थोडेफार शेवाळ वाढे, तेथे हा रोग होत नसे. शेवाळातून जीवनसत्त्व मिळे. कोळंबीचा भाईबंद क्रेफिश लुईझियानात भातखाचरांत वाढवतात. तेथे भाताच्या कुजत्या धसकटांवर पोसलेले जीवजंतूच त्याचे अन्न. त्यामुळे वेगळी जीवनसत्त्वे सहसा द्यावी लागत नाहीत.

टाकीत मात्र ती द्यावीच लागतात, आणि अडचण तेथेच येते. 'क' जीवनसत्त्व खाद्य बनवताना उष्णतेने नष्ट होते. उरलेले, कोळंबी सावकाश कुरतडत असताना, पाण्यात विरघळून जाते. म्हणून पुढे फॉस्फेट जोडलेले त्याचे टिकाऊ रूप वापरात आले.

जीवनसत्त्व खाद्यात घातले म्हणजे ते पोटात पोहोचलेच, असे नव्हे. भाजी चिरून मग धुणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरालाही हा धडा लागू आहे.