घरची सतरा, बाहेरची सोळा

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या भारतीय संघात ठाण्याच्या पूजा सुर्वे होत्या. क्षिप्रा जोशी आणि अक्षता शेटे या त्यांच्या सहकारीही महाराष्ट्राच्याच. मल्लखांब आणि लेझीम अंगवळणी पडलेल्या या मुलुखाला रिबन, चेंडू, हूप घेऊन संगीतावर खेळायचा हा प्रकार तसा नवाच. जगातही तो फार जुना नाही. पहिली जागतिक स्पर्धा १९६३ साली बुडापेस्टला झाली, ऑलिंपिकमध्ये तो १९८४ ला आला आणि आशियाई स्पर्धेत १९९४ ला.

पूजा सुर्वे पुढे ठाण्यातच प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या संयुक्ता काळेने जून २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत या प्रकारातली पाचही सुवर्णपदकं जिंकली. ती स्पर्धा १८ वर्षांखालील खेळाडूंची होती. खरा पेच इथेच आहे.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या लेखी रिदमिकमधली १३ ते १५ वर्षांची मुलगी ज्युनिअर. ज्या वर्षी तिला सोळावं पूर्ण होतं, त्या वर्षापासून ती थेट सीनियर. आपल्याकडे शालेय स्पर्धांचे गट मात्र १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. म्हणजे सोळा वर्षांची मुलगी शाळेच्या संघात अजून लहान, आणि परदेशात तिच्याशेजारी पंचविशीतली ऑलिंपिकपटू उभी!

फरक वयापाशी संपत नाही. ज्युनिअर मुलीची रिबन किमान ५ मीटरची, सीनियरची ६ मीटरची. ऐकायला एक मीटर किरकोळ वाटतो. पण रिबन जमिनीला न टेकवता, गाठ न पडू देता मनगटातून शेवटच्या टोकापर्यंत लहर पोहोचवायची असते. लांबी वाढली की मनगटाचा जोर, फिरकीचा वेग, फेकीची उंची सगळं नव्याने बसवावं लागतं. दोरी २०११ पासून सीनियरच्या वैयक्तिक प्रकारांतून गेली, ज्युनिअर मुलींच्या हाती मात्र ती राहिली. २०१९ मध्ये मॉस्कोला झालेल्या पहिल्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेतही ती होती.

आणि जागा? खेळाचा चौरस १३ बाय १३ मीटरचा, वर उंच मोकळं छत. शाळेच्या सभागृहात सराव करायचा तर मे महिन्याच्या उकाड्यातही पंखे बंद, कारण वाऱ्याने रिबन भरकटते. क्लब नावाचं दांडीसारखं साधन उंच फेकलं तर ते पंख्याला लागायची धास्ती वेगळीच.

वयोगटांची अडचण डोंबिवलीत ट्रॅम्पोलिनवाल्यांचीही. पवन भोईर यांच्या भोईर जिमखान्याने आदर्श भोईर, राही पाखळे यांच्यासारखे खेळाडू घडवले. ट्रॅम्पोलिन सिडनीत २००० साली ऑलिंपिक खेळ झाला. त्याच्या जागतिक वयोगट स्पर्धेत ११-१२, १३-१४, १५-१६ असे दोन-दोन वर्षांचे गट असतात. दहा उड्यांची मालिका मुलाच्या वाढत्या अंगाला झेपेल तशी चढवत न्यायची, हा त्यामागचा विचार. तो आपल्या तीन शालेय गटांत कुठे मावत नाही, याचं वाईट वाटतं.

जगाचे नियमही दगडावरची रेघ नाहीत. बर्फावरच्या जोडीनृत्यासह साऱ्या फिगर स्केटिंगसाठी सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचा निर्णय जून २०२२ मध्येच झाला. कोवळ्या शरीरावर आणि मनावर पडणारा ताण हे त्याचं कारण.

ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत मात्र हे सोळावं वर्ष साधारण दहावी-अकरावीच्या उंबरठ्यावर येतं. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवण्याची सर्वांत ओळखीची वाट शालेय स्पर्धांमधून जाते. पालक ती वाट धरतात, यात त्यांचं काही चुकत नाही. शालेय गटच जागतिक वयोगटांच्या मापाने आखले, तर जिल्हा स्पर्धेसाठी बसवलेली ज्युनिअर रचना घेऊन तीच मुलगी बाहेरच्या ज्युनिअर स्पर्धेतही उतरू शकेल, आणि सहा मीटरची रिबन केव्हा हातात घ्यायची हे तिच्या प्रशिक्षकाला वर्षभर आधी ठरवता येईल.