वेलीच्या प्राण्यांचे कूळ

तारेच्या सांगाड्यावर आयव्हीची वेल चढवून केलेला ससा किंवा हत्ती पाहिला की ही करमणुकीच्या बागांतली अलीकडची हौस असावी, असे वाटते. सांगाडा अलीकडचाच आहे. वेल आणि तिला वळण लावणारा माळी मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमचे.

इ.स.पू. 54 मध्ये रोमन वक्ता सिसेरो आपल्या भावाच्या मळ्यावर गेला आणि तिथल्या माळ्याची तारीफ त्याने भावाला पत्रातून कळवली. माळ्याने घराचा चौथरा, खांबांमधल्या जागा, सगळे आयव्हीने असे मढवले होते की झगे घातलेले ग्रीक पुतळेच बागकाम करून आयव्ही विकत उभे आहेत, असे सिसेरोला वाटले. या वर्णनात कात्री कुठेच नाही. माळ्याने दगडाला पाने नेसवली आहेत. आयव्हीच्या खोडाला बारीक मुळे फुटतात आणि ती दगडाला, विटेला, सालीला घट्ट धरतात. सावलीतही पान हिरवे राहते. त्या माळ्याने हा गुण नेमका हेरला होता.

कात्रीची नोंद पुढे मिळते. झाडे कातरून राई सजवण्याची सुरुवात सम्राट ऑगस्टसचा मित्र गायुस मातिउस याने केली, असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहिले आहे. रोमन लोकांची 'मातिआना' सफरचंदेही याच घराण्याच्या नावाने ओळखली जात. कातरलेले झाड आणि फळझाड एकाच नावाशी जोडलेले असावे, याचा मला फार आनंद होतो.

त्याचा भाचा असलेल्या धाकट्या प्लिनीच्या तस्कनीतल्या बागेत तर दोन्ही शेजारी शेजारीच होती. बॉक्सवुडच्या झुडपांतून कातरलेले प्राणी समोरासमोर उभे. कातरलेले छोटे सुळके आणि फळझाडे आळीपाळीने लावलेली. आणि आयव्ही एका चिनाराच्या खोडावरून फांद्यांवर, तिथून पुढच्या झाडावर तोरणासारखी गेलेली. बॉक्सवुडमध्ये अक्षरेही कातरली होती. काही ठिकाणी मालकाचे नाव होते, काही ठिकाणी ते काम करणाऱ्या माळ्याचे. हे दुसरे नाव या बागेचे वर्णन करणाऱ्या प्लिनीच्या पत्रात उतरले नाही, पण बागेत त्याला मालकाच्या बरोबरीने जागा होती. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

पुढे प्रबोधनकाळात इटलीने ही कला पुन्हा उचलली आणि ती उत्तरेकडे पसरली. इंग्लंडात लेव्हन्स हॉलची बाग गियोम बोमाँ याने 1694 पासून घडवली. 1713 मध्ये कवी अलेक्झांडर पोपने अशा कातरकामाची टर उडवली, नैसर्गिक दिसणाऱ्या बागांची लाट आली आणि कातरलेल्या कित्येक बागा उखडल्या गेल्या. लेव्हन्स हॉलची टिकली.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'ग्रीन ॲनिमल्स' या बागेत जोसेफ करेरो या पोर्तुगीज माळ्याने 1905 पासून चार दशके हत्ती, जिराफ, उंट वाढवले. फळझाडे आणि भाजीपालाही त्याच आवारात. झुडूप कातरून असा प्राणी घडायला वर्षे लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्याच बागांनी जवळची वाट रुळवली: तारेचा पोकळ प्राणी करायचा, त्यात ओले स्फॅग्नम शेवाळ ठासायचे, मुळे फुटलेल्या आयव्हीच्या काड्या खोचायच्या आणि वेल पिनांनी अंगासरशी बसवायची. एखाद-दोन हंगामांत प्राणी झाकला जातो. शेवाळ सुकले की मात्र वेल गेलीच, म्हणून पाणी कधी चुकवायचे नाही.

आपल्याकडे मुंबईत मलबार हिलवर, पाण्याच्या टाक्यांवर वसलेल्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे हँगिंग गार्डनमध्ये, झुडपांचे प्राणी कितीतरी जणांनी लहानपणी पाहिले आहेत. घरी असा प्राणी करायचा असेल तर आपल्या उन्हाळ्यात आयव्हीच्या वाटेला जाऊ नका. भिंतीला चिकटून चढणारी, बारीक पानांची फायकस पुमिला घ्या आणि लिंबाच्या किंवा डाळिंबाच्या कुंडीशेजारी एक छोटा ससा तयार करा. आणि पुढच्या वेळी हँगिंग गार्डनमध्ये मुलांचे फोटो काढाल, तेव्हा ते प्राणी कातरणाऱ्या माळीदादांचे नाव विचारून मुलांना सांगा.