गळाला लागलेला पुणेकर

माझ्या अभ्यासिकेत एक फोटो टांगलेला आहे. 2009 साल, कावेरी नदी, गुडघाभर पाण्यात मी आणि माझ्या हातात साधारण 24 पौंडांचा महसीर. मी तेव्हा बंगळुरूला होतो, नुकताच मेजर झालो होतो आणि चार दिवसांची रजा पदरात पाडून घेतली होती. फोटोखाली मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘कावेरीचा महसीर’. ते चूक होतं, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

महसीर हा रोहू-कटलाच्या कुळातला, म्हणजे युरोपातला कार्प ज्या कुळातला, त्याच कुळातला मासा. या कुळाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तिथे खेकड्याचं कवचसुद्धा भरडलं जातं. पण स्वभाव दोघांचे निराळे. कार्प संशयी. आमिष तोंडात घेतो, चाखतो, काही टोचलं की थुंकून टाकतो. त्याला फसवण्यासाठी 1980 च्या आसपास इंग्लंडमधल्या लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी ‘हेअर रिग’ काढला. आमिष गळाला लावायचंच नाही, गळाला बांधलेल्या एका केसावर लोंबतं ठेवायचं. माशाने आमिष ओढलं की उघडा गळ आपोआप तोंडात जातो. सुरुवातीला त्यांनी खरोखर माणसाचा केस वापरला होता. आज जगभरची कार्पची मासेमारी या एका युक्तीवर उभी आहे.

कावेरीवर असल्या नाजूकपणाला जागा नव्हती. नाचणीचं पीठ शिजवून त्याचा लिंबाएवढा घट्ट गोळा करायचा, त्यात 6/0 नंबरचा गळ पार बुडवायचा. दोरीला शिशाची पट्टी पिळून गुंडाळायची, म्हणजे वजन खडकांच्या फटीत कमी अडकतं. दोरी निदान चाळीस-पन्नास पौंड ताण सोसणारी. मग गोल टोपलीसारख्या हरिगोलात बसून किंवा खडकावरून तो गोळा धारेत सोडायचा आणि रिळावर बोट ठेवून थांबायचं. महसीर चाखत बसत नाही. तो उचलतो आणि पळतो. पहिल्या धावेत शंभर मीटर दोरी गेली तेव्हा मी रीळ थांबवायला अंगठा लावला आणि कातडी सोलून घेतली. शेजारी बसलेला वाटाड्या (हे बरेचसे वाटाडे पूर्वी याच नदीत चोरून मासे मारायचे) शांतपणे कानडीत काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

मासा तोलला, वहीत नोंदवला आणि परत सोडला. तिथे नियमच तसा होता.

या नोंदींची परंपरा जुनी. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमसने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं आणि महसीर हा सॅमनपेक्षाही झुंजार असल्याचं ठासून सांगितलं. तेव्हापासून साहेब लोक काठ्या घेऊन आपल्या नद्यांवर यायला लागले. फौजी त्यात पुढे. 1919 मध्ये मेजर रिव्हेट-कार्नॅकने कावेरीत 119 पौंडांचा मासा काढला. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इन्गेन कुटुंबातल्या डी वेटने, म्हणजे वाघ-बिबट्यांत भुसा भरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातल्या माणसाने, काबिनी नदीत 120 पौंडांचा काढला. चोपन्न किलो. आमच्या कंपनीतले काही जवान भरती झाले तेव्हा त्यापेक्षा हलके असतील.

स्वातंत्र्यानंतर हा नाद मागे पडला. या नद्यांत असले मासे आता उरले नसावेत, असं बाहेर बऱ्याच जणांनी गृहीत धरलं होतं. 1977-78 मध्ये ‘ट्रान्स वर्ल्ड फिशिंग टीम’ नावाने तीन इंग्रज तरुण मुद्दाम शोध घ्यायला आले. कावेरीवर त्यांच्यातल्या रॉबर्ट हॉविटला 92 पौंडांचा मासा लागला आणि नदी पुन्हा जगाच्या नकाशावर आली. पुढे भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालीबोरे इथे कॅम्प उभे राहिले, युरोपातले कार्पवाले वर्षभर पैसे साठवून यायला लागले. मी पोहोचलो तो या सगळ्याच्या शेवटच्या काळात. ते शेवट आहेत हे तेव्हा कुणाला माहीत!

आता फोटोकडे येतो. 2015 मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांचा एक शोधनिबंध माझ्या वाचनात आला. 1998 ते 2012 या काळातल्या गालीबोरेच्या वह्या त्यांनी उलगडल्या होत्या. 23,620 तासांची मासेमारी, 6,161 महसीर, सर्वांत मोठा 46.8 किलोचा. आकड्यांकडे नुसतं पाहिलं तर नदीची तब्येत उत्तम. मासे लागण्याचं प्रमाण वाढत होतं. पण वाढत होते ते निळसर परांचे महसीर. नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला मूळचा कावेरीचा महसीर, ज्याच्यापायी ते 119 आणि 120 पौंडांचे विक्रम झाले, तो नोंदींतून नाहीसा होत चालला होता. लहान पिल्लं तर दिसेनाशीच झाली होती. परेडवर नफरी पूर्ण, पण उभे असलेले जवान दुसऱ्याच पलटणीचे, असा प्रकार.

मी उठून फोटो भिंतीवरून काढला आणि दिव्याखाली धरला. पर निळे होते.

हा निळ्या परांचा मासा आला कुठून, ते वाचताना मला खडकवासला आठवला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी होता. 1824 पासून तो मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर म्हणून दख्खनभर फिरत होता. खानेसुमारी करता करता पक्षी, प्राणी, मासे यांचीही नोंद करत गेला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका माशाचं वर्णन त्याने 1839 मध्ये छापलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव त्याला दिलं, खुद्री. आज शास्त्रात तो ‘टॉर खुद्री’. आपल्याकडे कुणी त्याला खडस म्हणतं, कुणी खडशी. एनडीएत तीन वर्षं मी त्याच मुठेच्या धरणाकाठी धावलो, पोहलो, शिक्षा म्हणून लोळलोसुद्धा. त्या पाण्यातला एक मासा एका फौजी अधिकाऱ्यामुळे जगाला ठाऊक झाला, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

धरणं झाली, सुरुंग लावून मासे मारले जाऊ लागले, खडस घटला. तेव्हा 1970 च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास सुरू केली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या दोघांनी त्यात आयुष्य घातलं. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर पाठवायची त्यांची पद्धत तर केवळ देशी जुगाडाचा उत्तम नमुना म्हणावी अशी. महसीर वाचवायचा म्हणून वळवणची पिल्लं राज्याराज्यांत गेली आणि खडस कावेरीतही सोडला गेला. त्या वेळी सगळ्यांच्या दृष्टीने महसीर म्हणजे महसीर. हेतूत खोट काढणं मला जमत नाही. पण पाहुणा रुजला आणि घरचा हटला, हेही खरं आहे.

घरच्याला तर धड नावही नव्हतं. वर्षानुवर्षं त्याला ‘मुसुल्लाह’ म्हटलं जायचं. तेही नाव साइक्सनेच दिलेलं, पण निघालं भलत्याच माशाचं. ज्याला शास्त्रीय नाव नाही त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालता येत नाही. फौजेच्या भाषेत, नंबर नाही तर राशन नाही. अखेर 2018 मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं सिद्ध झालं. केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेली ही जात. त्याच वर्षी आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं.

मधल्या काळात, 2012 च्या सुमारास, अभयारण्यातली गळाची मासेमारी शिकारीच्या कायद्याखाली बंद झाली. नदीत हात न घालणं चांगलंच, असं मलाही आधी वाटलं. पण कॅम्प गेले, त्यांच्याबरोबर पहारा गेला आणि वहीही गेली. या माशाबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्या वहीमुळेच. निवृत्त मंडळी मला अजून विचारतात, ‘कावेरीची ट्रिप ठरवायची आहे, काठी कुठली घेऊ?’ सर, काठी घ्या, दहा-बारा फुटांची घ्या, पण रामगंगेकडे किंवा अरुणाचलाकडे जा. परवाना आधी काढा, गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा ओल्या हाताने धरा आणि पाण्याबाहेर फोटो काढत बसू नका.

कुबडवाला महसीर संशोधकांना सापडला तो मोयार नदीत, मुदुमलाईच्या जंगलात. वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजचा कोर्स करताना म्हैसूरला जाता-येता तेप्पकाडूचा पूल मी निदान दहा वेळा ओलांडला असेन. खाली मोयार. मुलं माकडं आणि हत्ती शोधायची, मी घड्याळ बघायचो, फाटक बंद व्हायच्या आत पलीकडे पोहोचायचं म्हणून. पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही.

फोटो पुन्हा भिंतीवर लावला आहे. खालची ओळ मात्र खोडून नवी लिहिली: ‘खडस, वजन 24 पौंड, मूळ गाव पुणे’.