वादळातली तिहेरी शर्यत

नरकचतुर्दशीच्या पहाटे कढत पाण्याचा तांब्या अंगावर घेतानाही आपण कुडकुडतो. तेव्हा ही हकीकत वाचताना अंगावर काटा आला तर नवल नाही.

हवाई बेटांतील ओआहू बेटावर १९७७ साली वाद रंगला: पोहणारा, सायकलस्वार आणि धावणारा यांत सर्वांत दणकट कोण? जॉन कॉलिन्स या आरमारी अधिकाऱ्याने तोड काढली. २.४ मैल पोहा, ११२ मैल सायकल हाका आणि वर २६.२ मैल धावा. सारे एकाच दिवशी! पहिला येईल तो 'लोहपुरुष'. १९७८ साली पहिली शर्यत झाली.

दुसरी १९७९ च्या जानेवारीत ठरली. पण हवा वादळी झाली, म्हणून ती एक दिवस लांबली. जमलेल्या सुमारे ५० जणांपैकी पाण्यात उतरले अवघे १५. मागे राहिलेल्यांना भित्रे कोणी म्हणावे? ओल्या अंगाने सायकलवर बसले, की वारा अंगातली ऊब हिरावून नेतो. तोच समोरून आला, की पायांतले बळही मागतो.

टॉम वॉरन ११ तास १५ मिनिटे ५६ सेकंदांत पहिला आला. तिघांना शर्यत पुरी करता आली नाही. पण त्या पंधरांत एकच स्त्री होती, बॉस्टनची सायकलपटू लिन लमेअर. तिने १२ तास ५५ मिनिटे ३८ सेकंदांत शेवट गाठला.

'लोहपुरुष' या नावात स्त्रीला जागा नव्हती.  तिने वाऱ्यात उभी राहून आपली जागा करून घेतली.