महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा घरमालक व भाडेकरू यांच्या संबंधांचे नियमन करणारा महाराष्ट्र राज्याचा कायदा आहे. तो ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. सोलापूरसह राज्यातील शहरांमध्ये निवास, शिक्षण, व्यवसाय किंवा साठवणुकीसाठी भाड्याने दिलेल्या जागांना तो लागू होतो.

पार्श्वभूमी

पूर्वी राज्यात तीन वेगळे कायदे होते : मुंबई, कोकण व सोलापूरसह पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा, विदर्भात १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा. मुंबई कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले होते. सोलापूरसारख्या गिरणगावात चाळी व वाड्यांतील भाडेकरूंना त्याचे संरक्षण मिळाले. परंतु त्या भाड्यात इमारतीची दुरुस्ती करणे घरमालकांना कठीण झाले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे भाडे गोठवणे अवाजवी ठरवले.

प्रमुख तरतुदी

* घरमालकास दरवर्षी भाड्यात ४ टक्के वाढ करता येते.
* थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते.
* स्वतःची वाजवी व प्रामाणिक गरज, परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणे, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागेचा वापर न करणे इत्यादी कारणांवरून न्यायालय ताबा देऊ शकते.
* भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सुविधा घरमालकास विनाकारण तोडता येत नाहीत.

लेखी करार व नोंदणी

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करावी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. कलम ५५ नुसार भाडेकरार, तसेच ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार, मुदत कितीही असली तरी लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

निवासी लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास घरमालक कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. त्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.