सुहैल, मोती आणि उधारीची वही

दुबईत ऋतू दोनच, उन्हाळा आणि कडक उन्हाळा, असं तिथे नोकरीला गेलेले आपले लोक सांगतात. एसी ऑफिस, एसी मेट्रो, एसी मॉल असं आयुष्य असेल तर ते खरंही वाटतं. पण १९६०च्या दशकात घरोघरी वीज यायला लागली, त्याआधी या गावाला चांगला ठळक शरद ऋतू होता. तो सुरू झाला हे कळायला थर्मामीटर लागत नसे. पहाटे दक्षिणेच्या क्षितिजावर एक तारा दिसला की झालं.

त्या ताऱ्याचं अरबी नाव सुहैल. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा हाच. आखातात तो २४ ऑगस्टच्या आसपास पहाटे पुन्हा दिसू लागतो. आपल्याकडे खरं तर थोडा आधीच उगवतो, पण श्रावणातले ढग त्याला दिसू देत नाहीत. अगस्त्य उगवला की पावसाचं गढूळ पाणी निवळतं, असं आपली परंपरा सांगते. सुहैल उगवला की रात्री गार होतात, असं अरब सांगतात. तारा एकच, पण इथे तो पाऊस सरल्याची खूण आणि तिथे ऊन सरल्याची.

या ताऱ्यावर तिथल्या लोकांनी एक अख्खी दिनदर्शिका उभी केली आहे. तिचं नाव 'दुरूर'. इस्लामी चांद्रवर्ष दर वर्षी साधारण ११ दिवसांनी मागे सरकतं आणि त्यात आपल्यासारखा अधिक मास नाही. नमाज-रोज्यांसाठी ते ठीक, पण खजूर कधी पिकेल आणि समुद्र कधी खवळेल हे त्यावरून कळत नाही. म्हणून सुहैल दिसला की मोजणी सुरू. दहा दिवसांचा एक गट, दहा गटांचं एक शतक. अशी तीन शतकं, मग साठ दिवस, आणि उरलेले पाच. पुढच्या वर्षी तारा दिसला की मोजणी पुन्हा एकपासून. प्रोग्रामर म्हणून मला हे फार आवडतं: मोजणीत चूक साचली तरी आकाश दर वर्षी रीसेट करून देतं.

मात्र किनाऱ्यावर हा तारा थोडा फसवा आहे. ऑगस्टमध्ये दुबईचं सरासरी कमाल तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, सप्टेंबरमध्ये जेमतेम दोन अंशांनी उतरतं. वाळू रात्री लवकर निवते, समुद्र निवत नाही. उन्हाळाभर तापलेलं उथळ आखात सप्टेंबरभर वाफ सोडत राहतं. त्यामुळे आत वाळवंटात रात्री सुखद होऊ लागल्या तरी किनाऱ्यावर अंगाला चिकटणारा दमटपणा आणि पहाटेचं धुकं असतं. खरा दिलासा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मिळतो. आपण 'ऑक्टोबर हीट'ने घामाघूम होतो, तेव्हा तिथे लोक सुस्कारा सोडतात.

जुन्या दुबईत हा सुस्कारा ऐकायला माणसं मात्र नुकतीच परतलेली असत. उन्हाळ्यात गाव निम्मं रिकामं व्हायचं. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं उंटांवर सामान लादून अल-ऐन, रास अल-खैमाकडच्या खजुरांच्या बागांत जायची. आणि धडधाकट पुरुष समुद्रावर, मोती काढायला.

मोत्यांचा मोठा हंगाम जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चाले, आणि याला कारण हवाच होती. जमिनीवर असह्य होणारं ऊनच पाणी उबदार ठेवायचं. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची टोपली अडकवून पाणबुड्या दिवसभर पुन्हा पुन्हा तळाशी जाई. पाणी गार झालं की ते शक्य नसे. ब्रिटिश अधिकारी लॉरिमर यांच्या गॅझेटियरनुसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखातभर सुमारे ४,५०० बोटी आणि ७४,००० माणसं या कामात होती.

हंगाम संपला की बोटी एकत्र परतत. या परतण्याला 'क़ुफ़्फ़ाल' म्हणत. किनाऱ्यावर गर्दी, गाणी, ढोल. आणि त्यानंतर वही उघडायची.

हंगामाआधी पाणबुड्याने घरखर्चासाठी नाखव्याकडून उचल घेतलेली असे. नाखव्याने ती व्यापाऱ्याकडून घेतलेली, आणि व्यापाऱ्याच्या मागे अनेकदा हिंदी सावकार. मोती विकले की आधी बोटीवरचा खर्च वजा, मग वाटे. पाणबुड्याला साधारण तीन, दोर ओढणाऱ्याला दोन. त्यातून उचल वजा केली की बहुतेकांच्या खात्यावर कर्जच उरे. बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर येई. काही पाणबुडे तर गुलाम होते, त्यांचा वाटा मालकाच्या खिशात जाई. ज्यांना थांबणं परवडत नसे ते गार होत चाललेल्या पाण्यात आणखी काही आठवडे उतरत. या छोट्या हंगामाचं नाव 'रद्दा', म्हणजे परत जाणं. हवा सुधारली की श्रीमंताच्या घरात वारा यायचा आणि गरिबाच्या घरी हिशेब.

ते हिशेब रुपयांत होत, कारण मोत्यांची बाजारपेठ मुंबई होती. तिथे त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची. आपल्या आज्यांच्या नथींतले 'बसऱ्याचे मोती' बसऱ्यात पिकत नव्हते; आखाताच्या तळावरून कुणीतरी श्वास रोखून ते वर आणलेले होते. पुढे जपानी कृत्रिम संवर्धनाचे मोती आले, पाठोपाठ १९२९ची मंदी. धंदा बुडाला. रुपया मात्र दुबईत १९६६पर्यंत चालला.

आता उन्हाळा संपल्याची आणखी एक तारीख आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. पण १६ सप्टेंबरला समुद्र अजून वाफच सोडत असतो, आणि भर दुपारी लोक पुन्हा मचाणावर चढतात. त्यांतले कितीतरी आपल्याकडून गेलेले, आणि कितीतरी जण तिथे पोहोचण्यासाठी एजंटला दिलेल्या पैशांचं कर्ज फेडत असलेले.

दुबईत हवा कधी बदलते हे विचारायचं असेल, तर आधी कुणाला विचारतोय ते ठरवायला हवं. ऑफिसातला माणूस नोव्हेंबर म्हणेल, तारा ऑगस्ट म्हणेल. उघड्यावर राबणाऱ्याला तारीख पाठ असते, पण ती त्याने ठरवलेली नसते.