झोपेतून दुर्गमाकडे : स्कॉटलंडच्या रात्रगाडीविषयी

'दुर्गम' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. एखादे गाव दुर्गम आहे असे म्हणताना ते कोठून दुर्गम, हे सांगण्याची आपल्याला गरज वाटत नाही; अंतर मोजणारा मनुष्य कोठे उभा आहे, हे गृहीतच धरलेले असते. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून निघणारी 'कॅलिडोनियन स्लीपर' ही गाडी म्हणजे या गृहीताला चाके लावल्यासारखी आहे. शनिवार वगळता रोज रात्री सुटणारी तिची सोळा डब्यांची हायलंड गाडी पहाटे एडिंबरोला पोचते. तेथे तिचे तीन भाग होतात : एक ॲबर्डीनकडे, दुसरा इन्व्हर्नेसकडे, तिसरा फोर्ट विल्यमकडे. प्रवासी लंडनच्या दिव्यांत डोळे मिटतो आणि रॅनॉखच्या ओसाड माळावर उघडतो. गिरण्यांचा लँकेशायर, सीमेवरचे कार्लाइल, ग्लासगोभोवतीची कारखान्यांची वस्ती हा मधला सगळा देश त्याच्या झोपेतून निसटून जातो. दोन टोकांमधला धागा असा तुटला, की दुसरे टोक स्वप्नातले वाटू लागते.

या गाडीचा इतिहास बहुधा बर्थवर पहुडलेल्या प्रवाशाच्या बाजूने लिहिला जातो. रुळांच्या कडेला राहणाऱ्यांच्या बाजूने तो वाचला, तर काय दिसते, हे येथे पाहावे असा आमचा विचार आहे. आपण साहित्याचे वाचक असल्यामुळे त्याची सुरुवात रेल्वेच्याही आधी, पुस्तकांपासून करावी लागते.

१७७३ साली डॉ. जॉन्सन आणि बॉझवेल हायलंड्स व हेब्रिडीज बेटांच्या प्रवासाला गेले. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्सनच्या प्रवासवर्णनात देश सोडून अमेरिकेकडे निघालेल्या लोकांविषयीची चिंता वारंवार डोकावते. त्याला डोंगरांपेक्षा माणसांत अधिक रस होता. वॉल्टर स्कॉटच्या हातून हे पारडे फिरले. १८१० मध्ये त्याचे 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य आले आणि लॉक कॅट्रिन हे सरोवर पाहण्यासाठी प्रवाशांची रीघ लागली. १८१४ च्या जुलैत लेखकाच्या नावाविना 'वेव्हर्ली' प्रसिद्ध झाली. १७४५ चे हायलंडचे बंड साठ वर्षांच्या अंतरावरून पाहणारी ही कादंबरी म्हणजे युरोपीय ऐतिहासिक कादंबरीचा एक आरंभबिंदू होय. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा करताना आपल्याकडेही स्कॉटचे नाव निघतेच.

मात्र त्याच १८१४ च्या उन्हाळ्यात, 'वेव्हर्ली' छापखान्यात असताना, उत्तरेकडील सदरलंड परगण्यात स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून कुळांना हुसकावून लावले जात होते. ती जमीन मेंढपाळीसाठी हवी होती. जमीनदारीचा कारभारी आणि नव्या मेंढवाड्याचा खंडकरी पॅट्रिक सेलर याच्या माणसांनी घरांची छपरे पाडली, आगी लावल्या. १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला त्याच्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. 'हायलंड क्लिअरन्सेस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निष्कासनांच्या दीर्घ मालिकेतील हे एक प्रकरण. हायलंडचा माणूस कादंबरीत अमर होत होता, तेव्हाच तो खोऱ्यांतून नाहीसा होत होता. या दोन घटनांत कार्यकारण जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. स्कॉटने कोणाचे घर जाळले नाही. पण पुढच्या पिढ्यांना हायलंड्स म्हणजे भव्य एकांत वाटू लागला, त्यामागे ही दोन्ही कामे होती हे नाकारता येत नाही. एकाने भव्यता पुरवली, दुसऱ्याने एकांत.

मेंढ्यांपाठोपाठ हरणे आली. १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी बॅल्मोरलची मालमत्ता विकत घेण्यात आली आणि उन्हाळ्याच्या अखेरीस शिकारीसाठी उत्तरेला जाणे ही इंग्लंडच्या श्रीमंतांची रीत झाली. १२ ऑगस्टला ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होई. त्याआधीच्या रात्री उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या माणसे, नोकर, कुत्रे आणि बंदुका यांनी भरून जात. १८७३ मध्ये नॉर्थ ब्रिटिश रेल्वेने ग्लासगो आणि लंडनदरम्यान शयनयान सुरू केले. ब्रिटनमधील ते पहिले. टे नदीवरचा दुसरा पूल १८८७ मध्ये आणि फोर्थच्या खाडीवरचा प्रचंड पोलादी पूल १८९० मध्ये खुला झाला, तेव्हा पूर्वेकडचा मार्ग ॲबर्डीनपर्यंत सलग झाला.

मग चढाओढ जुंपली. पूर्व किनाऱ्याच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या कंपन्यांची १८८८ ची शर्यत एडिंबरोसाठी होती, १८९५ ची ॲबर्डीनसाठी. दोन्ही गाड्या रात्री आठला लंडन सोडत आणि ॲबर्डीनच्या ३८ मैल अलीकडे किनेबर येथे एकाच मार्गावर येत. जी तेथे आधी पोचेल तिला वाट मिळे. २२ ऑगस्टच्या रात्री निघालेली पश्चिमेची गाडी ५४० मैल तोडून ५१२ मिनिटांत ॲबर्डीनला पोचली, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास. एवढ्या पहाटे त्या प्रवाशांनी ॲबर्डीनमध्ये करायचे काय, हा प्रश्न शर्यतीच्या हिशेबात नव्हता. आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला रात्री आडवे होता यावे, यासाठी १९२८ साल उजाडावे लागले. शयनयान आल्यावर पंचावन्न वर्षांनी त्याला एका खणात चार बर्थ, एक उशी आणि एक कांबळे मिळाले. तोवर दुर्गमाकडे झोपून जाणे हा पहिल्या वर्गाचा अधिकार होता.

फोर्ट विल्यमकडे जाणाऱ्या वेस्ट हायलंड मार्गाची कथा याहून बोलकी आहे. १८८९ च्या जानेवारीत मार्गाची पाहणी करण्यासाठी सात जण शहरी पोशाखात रॅनॉखचा माळ पायी ओलांडायला निघाले आणि थंडीपावसात, दलदलीत रात्रभर भरकटून मरता मरता वाचले. त्या माळावर भराव टाकावा तर तो खाली खचत जाई; अखेरीस झाडांची मुळे, झुडपांच्या मोळ्या, माती आणि राख यांचा थर अंथरून त्यावर रूळ जणू तरंगते ठेवण्यात आले. पैसा संपत आला, तेव्हा रेंटन नावाच्या संचालकाने आपल्या खासगी संपत्तीतून भर घातली. मजुरांनी एका दगडात कोरलेला त्याचा चेहरा रॅनॉखच्या फलाटावर आजही आहे. मार्ग १८९४ मध्ये फोर्ट विल्यमपर्यंत आणि १९०१ मध्ये समुद्रकाठच्या मॅलेगपर्यंत खुला झाला.

याच माळावर स्टीव्हन्सनच्या 'किडनॅप्ड' (१८८६) मधील दोन पळपुटे उन्हात रांगत, लपत जातात. त्या कादंबरीच्या मुळाशी १७५२ मध्ये झालेला एक खरा खून आहे. मारला गेलेला माणूस कुळांना जमिनीवरून काढण्याच्या कामावर निघालेला कारभारी होता. 'किडनॅप्ड' आली त्याच वर्षी, बऱ्याच संघर्षानंतर, हायलंडमधील छोट्या कुळांना वहिवाटीची शाश्वती देणारा कायदा संमत झाला. एका परीने तो त्यांचा कूळकायदाच. आज गाडीच्या खिडकीतून दिसणारा रॅनॉख निव्वळ निसर्ग वाटतो, पण त्याच्या आसपासच्या साहित्यात जमिनीचा तंटा असा भिनलेला आहे.

रॅनॉखच्या पुढचे कोरूर स्थानक ४०८ मीटर उंचीवर आहे. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातील ते सर्वांत उंच. तेथे जाणारा सार्वजनिक रस्ता आजही नाही. मग स्थानक का? जमीनदाराने आपल्या मुलखातून रूळ जाऊ दिले, त्या व्यवहारात हे स्थानक आले. त्याचे शिकारी पाहुणे येथे उतरत, घोडागाडीने लॉक ऑसियनच्या काठी जात आणि तेथून वाफेच्या छोट्या बोटीने त्याच्या वाड्यावर पोचत. ज्याला आज आपण जगाच्या टोकावरचे स्थानक म्हणून कौतुकाने पाहतो, ते कोणाच्या तरी दारातले खासगी स्थानक होते.

विसाव्या शतकात ही रात्रगाडी कलेचा विषय झाली. १९३६ च्या 'नाइट मेल' या माहितीपटाला ऑडनची कविता आणि ब्रिटनचे संगीत लाभले. त्याचे नायक झोपलेले प्रवासी नसून लंडनहून स्कॉटलंडकडे धावणाऱ्या टपालगाडीत रात्रभर पत्रे निवडणारे कामगार आहेत, हे विशेष. १९३९ मध्ये एलियटने आपल्या मांजरांच्या कवितांत या गाडीचा सगळा बंदोबस्त एका बोक्याच्या हाती सोपवला. पण आमच्या दृष्टीने सर्वांत मार्मिक दृश्य पॉवेल आणि प्रेसबर्गर यांच्या 'आय नो व्हेअर आय ॲम गोइंग!' (१९४५) या चित्रपटातले आहे. धनाढ्य उद्योगपतीशी लग्न करण्यासाठी हेब्रिडीजमधील एका बेटाकडे निघालेली नायिका मँचेस्टरहून रात्रगाडीत बसते, झोपते, आणि तिच्या स्वप्नात गाडी टार्टनच्या चौकडीचे कापड पांघरलेल्या डोंगरांतून जाते. स्कॉटपासून सव्वाशे वर्षे तयार होत आलेले हायलंड्सचे चित्र त्या दोन क्षणांत पकडले गेले आहे. जाग आल्यावर समुद्र खवळतो, बेट समोर असून पोचता येत नाही, आणि कोरीव्रेकनच्या भोवऱ्यात तिची होडी बुडता बुडता वाचते.

याच भोवऱ्यात दोनच वर्षांनी, १९४७ च्या ऑगस्टमध्ये, जॉर्ज ऑरवेल बुडता बुडता वाचला. तेव्हा तो जुरा बेटाच्या उत्तर टोकावरील बार्नहिल या घरात राहून पुढे 'नाइन्टीन एटी-फोर' म्हणून प्रसिद्ध झालेली कादंबरी लिहीत होता. लंडनहून तेथे जायचे तर ग्लासगोपर्यंत रेल्वे, मग बोट, बस, पुन्हा बोट, मोटार आणि शेवटी काही मैलांची पायपीट. दुर्गमतेची त्याला गरज होती. पण ती त्याची निवड होती. परतीची गाडी त्याला ठाऊक होती.

ज्यांनी निवड केली नव्हती, त्यांचे काय? त्यांच्या इतिहासातील तीन प्रसंग आम्हांला येथे एकत्र मांडावेसे वाटतात.

पहिला १८८३ चा. जूनमधल्या एका रविवारी पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्रोमफेरी येथे दक्षिणेच्या बाजारपेठेसाठी मासळी गाडीत चढवली जात होती. रविवारचा विसावा मोडणार नाही, असा हट्ट धरून स्थानिक लोकांनी धक्का आणि स्थानक ताब्यात घेतले. दहा जणांना तुरुंगवास झाला. लंडनच्या घड्याळाने आमचा आठवडा चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा ५ जानेवारी १९६९ च्या रात्रीचा. एडिंबरोहून सीमाप्रदेशातून कार्लाइलला जाणारा मार्ग स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून 'वेव्हर्ली मार्ग' म्हणून ओळखला जाई; एडिंबरोच्या मुख्य स्थानकाचेही तेच नाव. बीचिंगच्या १९६३ च्या अहवालानंतर तो बंद करायचे ठरले. त्यावरून धावलेली शेवटची प्रवासी गाडी म्हणजे लंडनला जाणारी रात्रगाडीच होती. न्यूकॅसलटन या खेड्यात लोकांनी रेल्वेचे फाटक रुळांवर आडवे लावून ती अडवली. त्यांचे पुढारपण गावच्या पाद्र्याकडे होते; पोलिसांनी त्याला अटक केली. तेथील खासदार डेव्हिड स्टील हे त्याच गाडीत होते. त्यांनी खाली उतरून मध्यस्थी केली, पाद्री सुटला आणि गाडी पुढे गेली. बर्थवर झोपलेले आणि फाटकाशी उभे असलेले असे दोन्ही पक्ष येथे प्रथमच समोरासमोर आले. २०१५ मध्ये त्या मार्गाचा उत्तरेकडील भाग स्कॉटच्या ॲबट्सफर्डजवळच्या ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाला. न्यूकॅसलटनला मात्र अजून गाडी नाही.

तिसरा १९९५ चा. ब्रिटिश रेल्वेने फोर्ट विल्यमची रात्रगाडी बंद करायचे ठरवले. वर्तमानपत्रांनी तिला 'डिअरस्टॉकर एक्स्प्रेस' असे नाव दिले होते. हरणांच्या शिकाऱ्यांची चैन बंद होते आहे, असाच त्याचा सूर. परंतु काही छोट्या जोडमार्गांवरून फक्त हीच प्रवासी गाडी जात असे, आणि ती गेली तर ते तुकडे प्रवाशांसाठी बंद झाल्यासारखे होते. त्यासाठी कायद्याने जाहीर सुनावणीची रीतसर प्रक्रिया लागे. ती टाळावी म्हणून तेथून नावापुरत्या रिकाम्या गाड्या फिरवण्याची शक्कल निघाली. हायलंडची प्रादेशिक परिषद न्यायालयात गेली, आणि हा देखावा न्यायालयाने मानला नाही. रात्रगाडी टिकली. एके काळी शिकाऱ्यांसाठी आणलेली गाडी आता तेथल्या रहिवाशांनी आपला हक्क म्हणून राखली.

२०१५ ते २०२३ या काळात ही सेवा एका खासगी कंपनीकडे होती. २०१९ मध्ये नवे डबे आले, त्यांत दुहेरी पलंगाच्या खोल्याही आहेत. जून २०२३ पासून ती स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे. सर्वांत स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला आजही बसूनच रात्र काढावी लागते, आणि फोर्ट विल्यमला जाणाऱ्याला पहाटे एडिंबरोत डबाही बदलावा लागतो. १९२८ पूर्वीची विभागणी पुरती मिटलेली नाही.

रात्रगाडीच्या प्रवासाची वर्णने अलीकडे पुष्कळ येतात. त्यांत सकाळ होते, पडदा सरकतो, आणि बाहेर मनुष्याचा मागमूस नसलेला डोंगर दिसतो. त्या वर्णनांच्या शेजारी नील गन यांची 'बुचर्स ब्रूम' (१९३४), सेलरलाच पात्र म्हणून समोर आणणारी इयन क्रिक्टन स्मिथ यांची 'कन्सिडर द लिलीज' (१९६८) आणि ओसाड झालेल्या वाडीवरची सॉर्ली मॅक्लीन यांची गेलिक कविता 'हॅलेग' (१९५४) वर्गात ठेवून पाहावी, अशी आमची शिक्षकमित्रांना सूचना आहे. 'वेव्हर्ली' शिकवताना १८१४ या सालाखाली स्ट्रॅथनेव्हरचीही नोंद फळ्यावर असावी. मागमूस नसणे हाही एक मागमूस असतो, हे विद्यार्थ्यांना त्यावरून समजावून सांगता येईल.